पिठाचा कोंबडा आणि खर्ड्याची रात्र



सोलापूरचा मे महिना ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना सांगावयास नको की सकाळी दहानंतर अंगणात पाऊल ठेवणे म्हणजे तव्यावर पाय ठेवणे होय. या वर्षी सुटीसाठी पुण्याहून आलेला आमचा चौदा वर्षांचा नातू त्यामुळे दिवसभर घरातच असे. येताना त्याने षट्कोनी घरे आखलेला एक मोठा पुठ्ठा, रंगविलेल्या लाकडी सोंगट्या आणि दोन फासे आणले होते. विचारता म्हणाला, "आजोबा, हा लढाईचा खेळ आहे. खऱ्या इतिहासातली लढाई पटावर मांडायची, दोन्ही बाजूंचे सैन्य जसे होते तसेच ठेवायचे, आणि मग पाहायचे, आपण सेनापती असतो तर काय झाले असते."

बेत ऐकून मला कुतूहल वाटले. परंतु नातवाच्या आजीने दोन आक्षेप घेतले, आणि दोन्ही आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. पहिला आक्षेप फाशांचा. सप्तव्यसनांत द्यूत पहिले येते. ज्या घरात रोज देवदर्शनाचा नियम आहे, त्या घरात फासे खुळखुळणार नाहीत, असे तिने स्पष्ट सांगितले. दुसरा आक्षेप अधिक खोल होता. "लाकडाची का असेना, माणसे मारून आनंद मानायचा? यशोधर राजाचे काय झाले ते ठाऊक आहे ना?"

यशोधर राजाची कथा आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी ऐकली असेल. दुःस्वप्नाच्या शांतीसाठी देवीपुढे बळी दे, असा मातेने आग्रह धरला. राजाने जीवहिंसेस नकार दिला. पण मातेचे मन राखण्यासाठी पिठाचा कोंबडा करून तो बळी दिला. कोंबडा पिठाचा होता, मारण्याचा संकल्प मात्र खरा होता. म्हणून माता आणि पुत्र दोघांनाही पुढील अनेक जन्म तिर्यंच योनीत कंठावे लागले. सोमदेवसूरींनी दहाव्या शतकात याच कथेवर 'यशस्तिलक' रचले, आणि त्या ग्रंथाचा हंदिकी यांनी केलेला विख्यात अभ्यास आपल्याच सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेने १९४९ साली प्रसिद्ध केला. तेव्हा नातवाच्या पुठ्ठ्यावरील सोंगटी म्हणजे पिठाचा कोंबडाच नव्हे काय, हा प्रश्न आमच्या स्वयंपाकघरात उपस्थित व्हावा, हे या गावाच्या परंपरेला धरूनच झाले.

तीन दिवसांच्या वाटाघाटींनंतर तह ठरला. कलम पहिले : कसलाही पण लावायचा नाही, अगदी एका लाडवाचाही नाही, कारण द्यूताचा दोष पणात आणि लोभात आहे. कलम दुसरे : फासे पेटीत बंद. त्यांच्या जागी आजीने स्वतः चार फोडलेले चिंचोके दिले. तिच्या माहेरी पट खेळताना तेच वापरीत. कलम तिसरे : कोणतीही सोंगटी 'मेली' असे म्हणायचे नाही. ती 'हटली' किंवा 'पांगली' असे म्हणायचे. कलम चौथे : सूर्यास्तापूर्वी जेवण उरकायचे असल्याने साडेपाचला पट जसा असेल तसा थांबवायचा.

लढाई कोणती मांडायची यावरही चर्चा झाली. नातवाच्या मनात आपल्याच जिल्ह्यातील, मोहोळ तालुक्यातील आष्टीची लढाई होती. परंतु तेथे २० फेब्रुवारी १८१८ रोजी बापू गोखले धारातीर्थी पडले; एका माणसाच्या मृत्यूने संपलेली ती लढाई तिसऱ्या कलमात बसेना. अखेर आम्ही खर्डा निवडले. बार्शी-भूमच्या बाजूने जाता येते, असे हे जामखेड तालुक्यातील गाव. तेथे ११ मार्च १७९५ रोजी मराठे आणि निजामअली यांच्यात लढाई झाली. दोन्ही बाजूंना लाखाच्या वर माणसे होती, असे ग्रँट डफ आपल्या १८२६ च्या मराठ्यांच्या इतिहासात लिहितो. आणि एवढ्या समुदायाच्या मानाने प्राणहानी फारच थोडी झाली. फौज मेली नाही, पांगली. आजीच्या अटीमुळे आमचा खेळ इतिहासाला अधिक धरून झाला, हे मला फार पुढे उमगले.

आता या खेळाचे मर्म. बुद्धिबळात उंट प्यादे मारावयास निघाला की प्यादे मरणारच. ते प्यादे उंटाला परतवून लावील, असे कधी घडत नाही. तेथे यशापयश सर्वस्वी खेळाडूच्या बुद्धीवर असते. रणांगणावर तसे नसते. दारू ओली निघते, निरोप्या वाट चुकतो, घाबरलेली तुकडी अकस्मात पाय रोवून उभी राहते. ही अनिश्चितता पटावर कशी आणावी, या प्रश्नाचे व्यवस्थित उत्तर प्रथम प्रशियात शोधले गेले. राईसवित्झ नावाच्या एका सरकारी अधिकाऱ्याने १८१२ साली असा एक खेळ राजाला सादर केला, आणि त्याच्या तोफखान्यातील मुलाने १८२४ साली तो सुधारून नियमांसह प्रसिद्ध केला. नकाशा, सैन्याचे तुकडे, मध्ये एक निःपक्ष पंच, आणि प्रत्येक चकमकीचा परिणाम ठरविणारे फासे. सेनाप्रमुख म्यूफलिंग यास तो इतका भावला की सैन्याच्या शिक्षणासाठी त्याने त्याची शिफारस केली. पुढे १८७६ मध्ये फेर्डी द्यू व्हेर्नुआ या सेनानीने मत मांडले की नियमांचे आणि फाशांचे जंजाळ काढून टाकावे. अनुभवी पंचाने स्वतःच्या विवेकाने निकाल द्यावा. नियम श्रेष्ठ की विवेक, हा वाद बँकेच्या तपासणी विभागात ज्याने आयुष्य घालविले त्याला नवा नाही.

आमचा कोष्टक-नियम साधा होता. फोडलेला चिंचोका एका अंगाने तपकिरी, दुसऱ्या अंगाने पांढरा. चार चिंचोके टाकले की एकंदर सोळा प्रकारांनी पडू शकतात. त्यांपैकी एका प्रकारात चारही तपकिरी, चार प्रकारांत एक पांढरा, सहा प्रकारांत दोन पांढरे, चार प्रकारांत तीन पांढरे आणि एका प्रकारात चारही पांढरे. चिंचोके तंतोतंत सम नसतात, पण आमच्या कामापुरते तेवढे चालण्यासारखे होते. एकही पांढरा नसेल तर हल्ला करणारेच पांगले. एक पांढरा, तर हल्ला करणारे मागे हटले. दोन, तर कोणीच हटले नाही. तीन, तर बचाव करणारे हटले. चार, तर बचाव करणारे पांगले. हल्ला करणाऱ्यास उंचवटा, तोफा किंवा संख्याबळ यांचा स्पष्ट लाभ असेल, तर पडलेल्या पांढऱ्यांत एक अधिक मिळवायचा. चिंचोके टाकण्याचे काम आजीकडे. म्हणजे प्रशियातील पंचाची जागा आमच्या घरात तिने घेतली.

वाचकांच्या ध्यानात आले असेल की लाभ असलेल्या सेनापतीचा हल्ला सोळापैकी अकरा वेळा यशस्वी होतो, चार वेळा बरोबरी होते, आणि एकदा त्याला मागे हटावे लागते. म्हणजे कोष्टक सेनापतीच्या बुद्धीला मान देते. चांगली योजना यशाची शक्यता वाढविते; यशाची हमी मात्र देत नाही.

नातू मराठ्यांकडून, मी निजामाकडून. त्याने दोन दिवस विचार करून उत्तम डाव रचला. प्रथम टेकडीवरील माझी तुकडी हटवायची, मग तेथे तोफा चढवून फ्रेंच सरदार रेमाँच्या पलटणींवर घाव घालायचा. दोन्ही ठिकाणी लाभ त्याच्या बाजूला. पहिला हल्ला यशस्वी झाला. दुसऱ्या वेळी आजीने चिंचोके टाकले आणि चारही तपकिरी पडले. त्याचे घोडदळ मागे हटले, माझ्या पलटणी पुढे सरल्या, आणि पुढच्या दोन खेळ्यांत त्याची मधली फळी पांगली. पोराचा चेहरा लाल झाला. "हा खेळच खोटा आहे. माझा डाव बरोबर होता आणि तरी मी हरलो. मग विचार करायचा कशाला?"

मी त्याला विचारले, "तुझ्या डावाच्या यशाची शक्यता तू किती धरली होतीस?"

"सोळापैकी अकरा. म्हणजे जिंकलोच होतो."

कागद घेऊन मी त्याला मांडून दाखविले. पहिला हल्ला सोळापैकी अकरा, दुसराही सोळापैकी अकरा. पण त्याचा डाव दोन्ही यशस्वी झाले तरच सिद्ध होणार होता. अकरा गुणिले अकरा एकशे एकवीस; सोळा गुणिले सोळा दोनशे छप्पन्न. म्हणजे निम्म्याहून कमी! असाच तिसरा हल्ला जोडला असता, तर शक्यता एक-तृतीयांशाच्याही खाली जाते. प्रत्येक पायरी भक्कम, पण जिना मात्र डळमळीत. व्यवहारातील कितीतरी योजना अशाच फसतात. मुलाचे शिक्षण, घराचे कर्ज, दुकानाची दुसरी शाखा : एकेक पायरी तपासून आपण निर्धास्त होतो, आणि साऱ्या पायऱ्या एकापाठोपाठ सुखरूप ओलांडण्याचा हिशेब करावयास विसरतो.

"मग माझा डाव चूक होता का?" त्याने विचारले. चूक नव्हता, अपुरा होता. दुसरा हल्ला फसला तर काय, याची तरतूद त्यात नव्हती. एक पथक राखीव ठेवले असते, तर ती चढाई हरूनही तो लढाई हरला नसता. बँकेत कर्ज देताना आम्ही मार्जिन ठेवतो आणि तारण घेतो, त्याचे कारण कर्जदारावर अविश्वास हे नसते. चांगल्या कर्जदारावरही वाईट दिवस येऊ शकतो, हे आम्ही आधीच मान्य केलेले असते.

दुसऱ्या दिवशी उलट घडले. वेळ साडेपाचला येत चालली होती, म्हणून मी घाईने, कसलाही लाभ नसताना, त्याच्या तोफांवर सरळ चाल केली. चारही चिंचोके पांढरे पडले. सोळात एकदा घडणारी गोष्ट घडली आणि त्याचा तोफखाना पांगला. "आजोबा, काय जबरदस्त डाव!" नातू उद्गारला. मी क्षणभर सुखावलो, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. त्याच्या अपयशाची आम्ही तासभर चिकित्सा केली होती. माझ्या मूर्खपणाची कोणी केली नाही, कारण तो यशाची वस्त्रे लेवून आला होता.

यानंतर आमचा खरा वाद झाला तो रात्रीच्या नियमावरून. तो समजण्यासाठी खर्ड्याला प्रत्यक्ष काय घडले ते सांगितले पाहिजे. दिवसाची लढाई काही एकतर्फी नव्हती. आरंभी पठाण स्वारांनी मराठ्यांच्या आघाडीवर असा आघात केला की सेनापती परशुरामभाऊ पटवर्धन जखमी झाले आणि काही पथके मागे पळाली. पुढे मराठ्यांच्या तोफांनी आणि बाणांनी निजामाच्या घोडदळाची दाणादाण उडविली. मात्र रेमाँच्या पलटणी पाय रोवून उभ्या होत्या. निजामासोबत जनाना होता. तेथील घबराटीमुळे त्याने माघारीचा निर्णय घेतला आणि रेमाँलाही परत फिरविले, असे डफ सांगतो. रात्र झाली. पलटणी भरलेल्या बंदुका उशाशी घेऊन निजल्या. अशा वेळी मराठ्यांची एक लहानशी टोळी घोड्यांसाठी पाणी शोधीत अजाणता एका ओढ्याशी आली. तेथे निजामाची काही माणसे होती. त्यांनी गोळ्या झाडल्या, रेमाँच्या पहारेकऱ्यांनीही झाडल्या, आणि झोपेतून दचकून उठलेल्या साऱ्या रांगेने अंधारात बार काढला. त्या आवाजाने निजामाच्या छावणीत असा हाहाकार माजला की तिने सामानसुमान टाकून पळ काढला, आणि स्वतः निजामाने खर्ड्याच्या लहानशा भुईकोटाचा आश्रय घेतला. तेथे मराठ्यांच्या वेढ्यात सापडल्यावर थोड्याच दिवसांत त्याला तहाची बोलणी लावावी लागली. दौलताबादसह ताप्तीपासून परांड्यापर्यंतचा मुलूख, तीन कोटी रुपये, आणि दिवाण मुशीर-उल-मुल्क ओलीस : एवढे सारे देणे त्या रात्रीतून निघाले.

नातवाने यासाठी नियम केला होता : रात्री आजीने चिंचोके टाकावेत, एकही पांढरा पडला नाही, तर ती फौज पांगली. म्हणजे सोळांत एकदा. मी हरकत घेतली. ज्या फौजेने दिवसभर जागा राखली, तिलाही सोळांत एक, आणि जी माघार घेऊन भयभीत निजली आहे, तिलाही सोळांत एक, हे योग्य नाही. तो म्हणाला, "पण पाणी शोधणारी टोळी यायची ती येणारच ना? तो तर योगायोग."

उत्तर देताना मला स्वाध्यायातील निमित्त आणि उपादान आठवले. कुंभार आणि चाक ही निमित्ते; पण घट होण्याची योग्यता मातीची स्वतःची असते. तोच कुंभार, तेच चाक, पण पुढे वाळू असेल तर घट होणार नाही. तत्त्वचर्चेतील सूक्ष्म विवेचन पंडितांनी करावे. मी येथे केवळ दृष्टांत घेतो. पाणी शोधणारी टोळी निमित्त होती. तशा टोळ्या प्रत्येक छावणीभोवती प्रत्येक रात्री फिरत असतील, आणि बहुतेक रात्री काहीही घडत नसेल. त्या रात्री घडले, कारण सेनापतीचा धीर सुटलेला, फौज मागे फिरविलेली, बंदुका भरलेल्या आणि मने रिकामी. ठिणगी कुठून येईल हे कोणीच सांगू शकत नाही. गवत किती वाळले आहे ते मात्र पाहता येते. आम्ही नियम बदलला : जागा राखलेल्या फौजेसाठी शून्य पांढरे म्हणजे फुटाफूट, माघार घेतलेल्या फौजेसाठी शून्य किंवा एक पांढरा, म्हणजे सोळांत पाच. नातवाला हे पटले. अनपेक्षित निकाल समजून घेणे म्हणजे त्याचे भाकीत करता येणे नव्हे. कोणता भाग निमित्ताचा आणि कोणता आपल्या तयारीचा, एवढे वेगळे करता आले तरी पुष्कळ झाले.

खर्ड्याच्या यशाचेही पुढे काय झाले? विजयानंतर जेमतेम सात महिन्यांनी, ऑक्टोबर १७९५ मध्ये, तरुण पेशवे सवाई माधवराव शनिवारवाड्यात पडून निवर्तले. वारसाच्या कारस्थानांत पुढच्याच वर्षी मुशीर-उल-मुल्कची सुटका झाली आणि तहाने मिळालेल्यातले बरेचसे हातून निसटले. विजय खरा होता, पण तो किती काळ विजय राहील, हेही कोणाच्या हाती नव्हते.

येथे आपल्या स्याद्वादाचा उल्लेख अप्रस्तुत ठरू नये. भारतीय संख्याशास्त्राचे अध्वर्यू प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९५४ च्या एका निबंधात सप्तभंगीचे संभाव्यतेच्या विचाराशी असलेले नाते दाखविले, आणि १९५७ मध्ये हाल्डेन या शास्त्रज्ञानेही त्यावर लिहिले. मात्र 'स्यात्' म्हणजे 'कदाचित' नव्हे, हे आपले पंडित बजावतात ते योग्यच आहे. 'स्यात्' म्हणजे 'एका अपेक्षेने'. निर्णय घेताना जे ज्ञात होते त्या अपेक्षेने, डाव योग्य होता. परिणामाच्या अपेक्षेने, डाव फसला. दोन्ही विधाने सत्य आहेत, आणि एका विधानाने दुसरे खोडून काढणे हाच एकांतवाद. नातवाला हे सांगता सांगता मी थांबलो. कारण मला एक जुनी फाईल आठवली.

मी बँकेत तपासणीचे काम पाहत असताना एका शाखेतील एक कर्ज माझ्यापुढे आले. यंत्रमागावर टॉवेल विणणाऱ्या एका उद्योजकाला तेथील तरुण शाखाधिकाऱ्याने खेळते भांडवल मंजूर केले होते. काही महिन्यांत त्याच्या परदेशी खरेदीदाराचा व्यवसाय बंद पडला, माल गोदामात राहिला आणि खाते थकले. मी अहवालात एक ओळ लिहिली : 'मंजुरीच्या वेळी पुरेशी दक्षता घेतलेली दिसत नाही.' मंजुरीच्या दिवशी त्या अधिकाऱ्यापुढे कोणते कागद होते, हे मी पाहिले होते का? ओझरते पाहिले होते. खाते थकले आहे हे मला आधीच ठाऊक होते, आणि तेच ज्ञान मी मागे नेऊन त्याच्या टेबलावर ठेवले होते. त्या एका ओळीमुळे त्याची बढती दोन वर्षे लांबली. त्याच तपासणीत त्याहून कितीतरी ढिसाळ मंजुऱ्या माझ्या नजरेखालून गेल्या होत्या. त्या खात्यांचे हप्ते वेळेवर येत होते, म्हणून त्यांच्यावर मी शेरा लिहिला नाही. माझ्या तपकिरी आणि पांढऱ्या चिंचोक्यांनाच मी गुणदोष समजत आलो होतो.

या वर्षी दशलक्षण पर्व झाले. दर क्षमावाणीला आपण सर्वांना 'उत्तम क्षमा' म्हणतो. एका विशिष्ट माणसासमोर, एका विशिष्ट ओळीसाठी ती मागणे किती अवघड असते, ते मला या खेपेस कळले. तो अधिकारीही आता निवृत्त होऊन सोलापुरातच असतो. मी त्याच्या घरी गेलो आणि आलो कशासाठी ते सांगितले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "साहेब, तेव्हा तुम्ही मला एकदा बोलावून विचारले असते, तर मी एकच कागद दाखविला असता." आत जाऊन त्याने एक जुनी प्लॅस्टिकची फाईल आणली. खरेदीदाराच्या मागील तीन वर्षांच्या वेळेवर आलेल्या रकमांची यादी, मंजुरीच्या आठवडाभर आधीच्या तारखेची, त्याच्या स्वतःच्या अक्षरातील. मूळ प्रत शाखेच्या फाईलला जोडलेली होती, असे तो म्हणाला. म्हणजे ती माझ्या हाताखालून गेली होती.

"क्षमा आहे साहेब," तो म्हणाला, "पण ही यादी मी फाडणार नाही." मी म्हणालो, फाडू नका. त्याच्या पत्नीने चहा आणला. आम्ही टॉवेलवाल्या उद्योजकाविषयी बोललो; त्याने पुढे माग विकून कर्ज हळूहळू फेडले, हे मला तेथेच प्रथम कळले.

नातवाला मी हा वृत्तांत पत्राने कळविला. फोनवर बोलण्याचा धीर झाला नाही. त्याचे उत्तर छोटेसे आले. दिवाळीत पुन्हा खर्डा मांडायचे आहे, आणि त्याने एक नवा नियम सुचविला आहे : चिंचोके टाकण्यापूर्वी प्रत्येकाने वहीत लिहायचे, आपण काय करतो आहोत, का करतो आहोत, आणि फसले तर काय करणार, चिंचोके पडल्यानंतर त्या पानावर खाडाखोड करायची नाही. खेळ संपल्यावर निकाल न पाहता आधी ते पान वाचायचे.

आजीने नियम ऐकून घेतला. "यात पिठाचा कोंबडा नाही," एवढेच ती म्हणाली, आणि चिंचोक्यांची पुरचुंडी देव्हाऱ्याच्या खालच्या खणातून काढून स्वयंपाकघरातील डब्यात ठेवली. वही मात्र मी आजच आणून ठेवली आहे. दोनशे पानी, कारण माझ्या स्वतःच्याही काही निर्णयांची पाने त्यात लिहावयाची आहेत.

जयजिनेंद्र.